उपवासाची सुरुवात रात्रीच्या जेवणापासून

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे दिवसाचे ठरावीक तासच खायचं आणि बाकीचे तास उपाशी राहायचं, हे नाव आता मोबाईलवरून घराघरात पोचलं आहे. सातपूरच्या माझ्या दवाखान्यात हल्ली दिवसाआड कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, मी सोळा तासांचं सुरू करू का?" मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. कोरा कागद पुढे ठेवते आणि सांगते, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं आणि किती वाजता गेलं, तेवढं लिहा. वजन, रक्तातली साखर, पोटाचा घेर हे सगळं नंतर बघू.

असाच एक कागद वाचून दाखवते. अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले गृहस्थ, पंचेचाळिशीचे. सकाळी सहाला चहा आणि दोन खारी. साडेआठला पोहे. अकराला कंपनीतला चहा. दीडला डबा. साडेचारला पुन्हा चहा, सोबत मूठभर शेव. घरी येताना सिडकोत पाणीपुरीची एक प्लेट. पावणेदहाला जेवण: तीन पोळ्या, भाजी, वरण-भात. अकराला टीव्हीसमोर द्राक्षं. द्राक्षं किती, असं विचारल्यावर म्हणाले, "अर्धा किलो आणली होती, बोलता बोलता संपली."

द्राक्षं आपल्या नाशिकची शान आहेत, त्यांच्याविरुद्ध मी काही बोलणार नाही. पण अर्धा किलो द्राक्षांत साधारण ७५ ग्रॅम साखर असते, आणि ती गेली झोपायच्या अर्धा तास आधी. आता वेळा बघा. सकाळी सहा ते रात्री अकरा म्हणजे सतरा तास. चोवीस तासांत पोटाला सुटी मिळाली ती फक्त सात तासांची, तीही झोपेत. या माणसाला मी सोळा तास उपाशी राहायला सांगितलं, तर तो चार दिवस करेल आणि पाचव्या दिवशी मिसळीवर तुटून पडेल. आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

हे त्यांच्या एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे डॉ. सच्चिदानंद पांडा मूळचे ओडिशाचे. त्यांनी २०१५ साली लोकांना फोनवर प्रत्येक खाण्याचा फोटो काढायला लावला. निम्म्या लोकांचं खाणं दिवसाचे जवळजवळ पंधरा तास किंवा त्याहून अधिक काळ चालू होतं. लोकांचा स्वतःचा समज मात्र 'आम्ही तीन वेळा खातो' असाच असतो. त्यांच्यातल्या जास्त वजनाच्या आठ जणांनी खाण्याचा अवधी दहा-अकरा तासांवर आणला. काय खायचं याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. सोळा आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी तीन किलोंहून जास्त उतरलं आणि झोप सुधारली. आठ माणसं म्हणजे फार थोडी, तेव्हा यावर सगळा इमला बांधता येणार नाही. तरी हा प्रयोग मला आवडतो. खाण्याची वेळ आवरली की काय होतं, ते तो साध्या माणसांवर दाखवतो.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. जेवण झालं की रक्तात साखर चढते, तिच्यामागे इन्सुलिन चढतं. इन्सुलिनचं एक काम म्हणजे आलेलं अन्न साठवणं. ते चढलेलं असेपर्यंत चरबी वितळण्याचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. साठवण मुख्यतः दोन रूपांत होते. एक ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा: यकृतात साधारण शंभर ग्रॅम, शिवाय स्नायूंतही. बाकीची चरबीत, जिला मर्यादा नाही. ग्लायकोजेन म्हणजे ओट्यावरचा पिठाचा डबा आणि चरबी म्हणजे आतली कोठी. डब्यात पीठ आहे तोवर कोठी उघडायला कुणी जात नाही. शेवटच्या घासानंतर साधारण बारा तासांच्या पुढे, कुणात लवकर, कुणात उशिरा, यकृतातला साठा उतरत जातो आणि शरीर चरबीकडे जास्त वळतं. आपल्या सुपरवायझर दादांच्या शरीरावर ती वेळ कधी येतच नव्हती.

पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं, त्याचंही कारण इथेच आहे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा उतरला की ते पाणी जातं. म्हणून पाच दिवसांत दोन किलो गेले म्हणून पेढे वाटू नका, आणि पुढच्या आठवड्यात काटा हलला नाही म्हणून सोडूनही देऊ नका. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे.

तुम्ही म्हणाल, उपवास आम्हाला नवीन नाही. एकादशी आहे, चतुर्थी आहे, श्रावणातले सोमवार आहेत, नवरात्र आहे. त्र्यंबकला तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणारी माणसं या सभागृहातही असतील. अगदी खरं. पण 'एकादशी, दुप्पट खाशी' हेही आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलं आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिनं नावालाही नसतात. त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा, वर गोड दही. दुपारी रताळ्याचा कीस, संध्याकाळी वेफर्स. श्रद्धेच्या अंगाने या फराळाला माझं काहीच म्हणणं नाही. पण त्यालाच वजनाचा उपवास समजलात तर साखर वाढेल. उपवास करायचाच तर भगर घ्या, राजगिरा घ्या, ताक घ्या, भोपळ्याची भाजी घ्या, आणि ते दोनदाच खा. आपल्याच इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारावर वरई पिकते, तिचीच ही भगर. फक्त भगरीचं पीठ जुनं किंवा दमट घेऊ नका. बुरशी लागलेल्या पिठामुळे विषबाधेच्या बातम्या दर नवरात्रात येतात. भगर निवडून, धुऊन, घरी ताजी दळलेली बरी.

संकष्टीबद्दल वेगळं बोलायला हवं. दिवसभर काही नाही, आणि चंद्रोदय नऊ-साडेनऊला. मग मोदक, वरण-भात, तळण, सगळं रात्री दहाला. पोटाच्या दृष्टीने हा सगळ्यात अवघड प्रकार. शरीराला घड्याळ असतं. रात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं तेव्हा स्वादुपिंड इन्सुलिन सोडण्यात आखडता हात घेतं. सकाळी नऊला खाल्लेल्या थाळीने साखर जितकी चढते, त्याहून तीच थाळी रात्री नऊला जास्त चढवते. महिन्यातून एकदा ठीक आहे, निरोगी माणसाचं काही बिघडत नाही. पण मधुमेह असलेल्या ताई-काकांनी चंद्रोदयानंतर देवापुढचा एक मोदक आणि थोडं वरण-भात यावर थांबावं. बाप्पा समजून घेतो. उलट आपल्याकडचे जैन शेजारी बघा. चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर काही नाही. त्यामागची धारणा अहिंसेची आहे, वजनाची नाही. पण शरीराच्या घड्याळाशी इतका जुळणारा नेम दुसरा क्वचितच सापडेल.

मला आज एवढंच मनापासून सांगायचं आहे. सुरुवात सकाळचा नाश्ता सोडून करू नका, रात्रीचं जेवण अलीकडे आणून करा.

याला आधार आहे. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात २०१८ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आठ पुरुषांवर प्रयोग झाला. पाच आठवडे त्यांनी दिवसाचं सगळं खाणं सकाळच्या सहा तासांत बसवलं, दुपारी तीननंतर काही नाही. त्यांचं वजन मुद्दाम कायम ठेवलं होतं. तरीही इन्सुलिनचा परिणाम सुधारला आणि रक्तदाब उतरला. दुसरीकडे, २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोत ११६ जणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच खायचं, म्हणजे नाश्ता नाही. दुसऱ्या गटाने तीन वेळा जेवायचं. पहिल्या गटाचं वजन एक किलोच्याही आत घटलं, आणि दोन गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. त्याहून वाईट म्हणजे, ज्यांची तपासणी बारकाईने झाली त्यांच्या घटलेल्या वजनातला मोठा भाग चरबीचा नव्हता, त्यात स्नायूही होते. हे मला काळजीचं वाटतं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त चालणारा प्रकार नेमका तोच आहे: सकाळी उपाशी, दुपारी जेवण, रात्री साडेनऊ-दहाला भरपेट.

आणि हेही सरळ सांगते, की उपवासाने वजन घटतं ते मुख्यतः कमी खाल्लं जातं म्हणून. चीनमध्ये ग्वांगझू इथे २०२२ साली १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला. दोन्ही गटांना कमी कॅलरीचा आहार. एका गटाने तो सकाळी आठ ते दुपारी चार यातच घ्यायचा, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही. वर्षाअखेरीस पहिल्यांचे आठ किलो गेले, दुसऱ्यांचे सहा किलोंच्या थोडे वर. तो फरक शास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, या प्रकारावरही शिकागोत शंभर लोकांवर वर्षभर काम झालं. रोज थोडं कमी खाणाऱ्यांइतकंच वजन उतरलं, पण अर्धवट सोडून जाणारे दिवसाआड उपास करणाऱ्यांत जास्त होते. म्हणून माझं मत असं: ज्याला वाटी-चमचा मोजत बसायचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी घड्याळ सोपं पडतं. ज्याला घड्याळाचा जाच होतो, त्याने ताटातून अर्धी पोळी आणि मूठभर भात कमी करावा, तोही तिथेच पोचेल.

ऑटोफॅजीचं नाव तुम्ही व्हिडिओत ऐकलं असेल. पेशी स्वतःतला निकामी भाग मोडून पुन्हा वापरतात, ती ही क्रिया. तिच्या उलगड्यासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. फार मोठं काम आहे, पण ते मुळात यीस्टच्या पेशींवरचं आहे. माणसाने अमुक तास उपाशी राहिलं की शरीर आतून स्वच्छ झालं, असा आकडा कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तसंच भीतीचंही आहे. मार्च २०२४ मध्ये शिकागोच्या एका परिषदेतून बातमी आली, की आठ तासांत खाणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू जास्त. ती पाहणी लोकांनी सांगितलेल्या दोन दिवसांच्या खाण्यावर बेतलेली होती, आणि आजारपणामुळे कमी वेळा खाणारी माणसंही त्यात असू शकतात. त्यातून कार्यकारण ठरत नाही. मी त्या बातमीने घाबरले नाही. पण आठ तासांच्या मागे लागायची गरज नाही, दहा-बारा तास पुरेत, हे माझं मत तिच्यामुळे आणखी पक्कं झालं.

महाराष्ट्रात तर ही चर्चा जुनी आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेला दोनदा जेवणाचा मार्ग इथल्या बऱ्याच जणांनी करून पाहिला असेल. कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, आणि पंचावन्न मिनिटांत जेवण पूर्ण. त्याने एक मोठं काम केलं: मधल्या वेळचं चरणं थांबवायला लाखो लोकांना शिकवलं. माझ्याकडे येणाऱ्यांत मला अडचण दिसते ती दुसरं जेवण रात्री दहाला घेणाऱ्यांची, आणि शेजाऱ्याचं ऐकून मधुमेहाच्या गोळ्या स्वतःच बंद करणाऱ्यांची.

गोळ्यांचं नीट ऐका, कारण उपवासाने नुकसान होतं ते बहुतेक इथे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधं, तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाहीत, साखर उतरवतातच. गोळी घेतली आणि नाश्ता दोन तास पुढे गेला, तर घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि त्या दिवशी उपवास तिथेच सोडायचा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असताना लांब उपवास केला तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि साखर फार चढलेली नसतानाही माणूस गंभीर होतो. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि वजन उतरत गेलं, तर उठताना चक्कर येऊ शकते. हे सगळं टाळता येतं. फक्त आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळीची मात्रा आणि वेळ बदलून घ्यायची.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, अठराच्या आतली मुलं, आधीच काटकुळी असलेली माणसं, टाइप १ मधुमेहाचे रुग्ण, आणि खाण्याशी ज्यांचं नातं एकदा बिघडलेलं आहे अशी मुलंमुली, यांनी हे करू नये. कॉलेज रोडच्या हॉस्टेलांतल्या मुली नाश्ता आणि जेवण दोन्ही गाळून त्याला फास्टिंग म्हणतात, तेव्हा त्यांच्या आयांनी मला जरूर फोन करावा.

बायकांचं थोडं सविस्तर बोलते. ज्या घरात बाई शेवटी जेवते, त्या घरात तिचं जेवण साडेदहाच्या आधी होत नाही. वर सोमवार तिचा, गुरुवार तिचा, चतुर्थी तिची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. अशा बाईला आणखी एक उपवास सांगणं हा अन्याय आहे. तिने आधी हिमोग्लोबिन तपासावं. कमी असेल तर पहिलं काम लोहाचं आणि डाळी-उसळींचं, वजनाचं नंतर. आणि घरच्या पुरुषांना माझी विनंती आहे: तुम्हाला सात-साडेसातला जेवायचं असेल तर पाच वाजता कणीक कोण मळणार, हे ठरवूनच उपवास सुरू करा. भाजी चिरून द्या, कुकर लावा. एकट्याच्या वेळेसाठी बाईने दोनदा ओट्यापाशी उभं राहायचं असेल, तर ते घर पंधरा दिवसांत जुन्या वेळेवर येतं. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

प्रत्यक्ष सुरुवात अशी करा. पहिले दोन आठवडे फक्त बारा तास. रात्री आठला शेवटचा घास, सकाळी आठला पहिला. आठनंतर द्राक्षं नाहीत, दूध नाही, बडीशेप-गोळी नाही, पाणी हवं तेवढं. त्र्यंबक रोडवरच्या वाइनरीचा पाहुणचारही या हिशेबातच धरायचा. हे जमलं, झोप नीट लागली, चिडचिड नाही, तर जेवण साडेसातवर आणा आणि नाश्ता साडेनऊला घ्या. चौदा तास झाले. माझ्या बहुतेक रुग्णांना मी इथेच थांबवते. सोळा तासांवर जाऊ नका असं नाही, पण ते ज्याला अंगी लागेल त्याने, आणि तेही रात्रीच्या बाजूने. सहाला जेवलात तर दहाला नाश्ता.

सकाळच्या चहाचा प्रश्न मोठा असतो, मला माहीत आहे. दूध-साखरेचा चहा म्हणजे खाणंच, दोन चमचे साखरेच्याच चाळीस कॅलरी होतात. उपवासाच्या तासांत कोरा चहा, बिनसाखरेची काळी कॉफी किंवा नुसतं पाणी. एकदम तुटत नसेल तर आठवडाभर साखर अर्धी करा, मग काढा. चहा अचानक सोडल्यावर तीन-चार दिवस डोकं दुखतं. ते कॅफिनचं असतं, उपाशी राहिल्याचं नव्हे, आणि कोऱ्या चहाने थांबतं.

आता ताटात काय, कारण दहा तासांची मुभा म्हणजे दहा तास वडापाव नव्हे. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, असं आपल्या आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, प्रमाण आहे. पासष्ट किलोच्या माणसाला चोपन्न ग्रॅमच्या आसपास. घट्ट वरणाच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, मटकीच्या उसळीच्या वाटीत सात-आठ, दह्याच्या वाटीत चार-पाच. म्हणजे पातळ आमटी आणि चार पोळ्या यांनी हा हिशेब भरत नाही. दोन जेवणांत तो भरायचा असेल तर उसळ रोज हवी. मिसळ मी कुणाला बंद करत नाही. रविवारी साडेदहाला मिसळ खाल्लीत तर तेच तुमचं पहिलं जेवण. मटकी वाढवून घ्या, तर्री बेताची, पाव एक, आणि दुपारी पुन्हा ताट वाढून घेऊ नका. सोबत स्नायूंसाठी काहीतरी करा. कृषीनगरच्या ट्रॅकवर चालता ते उत्तम आहे, त्यात आठवड्यातून दोनदा पांडवलेणीच्या पायऱ्या घाला. गुडघे नको म्हणत असतील तर घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाचे दोन-तीन फेरे.

वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जवळ ठेवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली चण बारीक दिसते, चरबी पोटात लपते. म्हणून आपल्याकडे पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर कंबर गेली की सावध व्हायचं. महिन्यातून एकदा, सकाळी, पोट आत न ओढता मोजा.

सातपूर-अंबडला तिन्ही पाळ्यांत काम करणारी बरीच मंडळी इथे आहेत. तुमचं काय? तुमच्या बाबतीत दिवसाचा उपवास आणि रात्रीचं जेवण हा हिशेब उलटा करू नका. बोस्टनमध्ये २०२१ साली एकोणीस निरोगी माणसांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागं ठेवलं. ज्यांनी रात्रीही खाल्लं त्यांची साखर बिघडली, ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं त्यांची बिघडली नाही. जाग दोघांनाही सारखीच होती. म्हणून रात्रपाळीला निघण्याआधी, आठ-साडेआठच्या आत घरी पोटभर जेवा. रात्री दोनला कॅन्टीनची भाजी-पोळी नको. अगदीच राहवलं नाही तर मूठभर फुटाणे किंवा एखादं उकडलेलं अंडं. सकाळी घरी आल्यावर साडेसात-आठला हलका नाश्ता करून झोपा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर दहा तासांचा आग्रह सोडा, बारा तासच धरा. मशीनवर, क्रेनवर, फोर्कलिफ्टवर काम असेल आणि साखरेची गोळी चालू असेल, तर उपाशी पोटी कामावर उभं राहायचं नाही. यात मी कुणाला सूट देत नाही.

आता समोरून चिठ्ठ्या आल्या आहेत.

एका ताईंनी विचारलंय, पित्त वाढतं त्याचं काय? पहिल्या आठवड्यात जळजळ होते कारण पोटाला ठरल्या वेळी अन्नाची सवय असते. बहुतेकांची ती रात्रीचं जेवण अलीकडे आल्यावर उलट कमी होते. भरल्या पोटी आडवं होणं थांबतं ना. पण अल्सर झालेला असेल, काळी शौचास होत असेल, पित्ताचे खडे असतील, तर न विचारता सुरू करू नका.

लग्नसराईत काय करायचं? रात्री नऊला पंगत असेल तर जेवा, आनंदाने जेवा. दुसऱ्या दिवशी नाश्ता अकराला घ्या आणि संध्याकाळी पुन्हा आपल्या वेळेवर या. भरपाई म्हणून दिवसभर उपाशी राहू नका, त्याने रात्री दुप्पट खाल्लं जातं.

शेवटची चिठ्ठी एका काकांची. "वय ६८, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू, मुलगा-सून कामावरून साडेनऊला येतात, सगळे एकत्र जेवतो. मी काय करू?" काका, चौदा तास तुमच्यासाठी नाहीत, तुम्ही बारावरच राहा. सातला तुमचं ताट वाढून घ्या: एक भाकरी, घट्ट वरण, भाजी, ताक. साडेनऊला मुलांबरोबर बसा, गप्पा मारा, हातात फक्त पाणी. सुनेला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिला वाटणार नाही की स्वयंपाक आवडला नाही. आणि हे सुरू करण्याआधी एक आठवडा तुमच्या खाण्याच्या आणि गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहा, सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घरच्या मशीनवर साखर बघून ते आकडे शेजारी मांडा, आणि तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करायची की वेळ बदलायची, ते त्यांनाच ठरवू द्या. ते सांगतील त्या तारखेपासून सुरू करा, त्याआधी नाही.